बुलोंला कसे

'कसणे' हे क्रियापद मी नोकरीची सगळी वर्षं मुलांना शिकवलं. 'आवळणे' लिहिताना मला कधी काही झालं नाही, 'घट्ट करणे' लिहितानाही नाही. पण 'कस' लिहायची वेळ आली की खडू फळ्यावर टेकायच्या आधी क्षणभर थांबायचा. मुलांना ते कळत नसे. मला मात्र त्या क्षणात एक जुनी जीप दिसायची, तिच्यात बसलेली माझी माणसं दिसायची आणि पुढचा उतार दिसायचा.

आमचं घर मॉरिशसच्या दक्षिणेला, सुरिनाममध्ये. बा भाजी पिकवायचे. इस्टेटच्या उसाला लागून जमिनीचा एक तुकडा त्यांच्याकडे होता; त्यात भोपळे, वांगी, मिरच्या. उसातून तिथवर जाणारी वाट म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. त्या वाटेसाठी त्यांनी इस्टेटवरच्या मुकादमाची जुनी जीप घेतली होती. आमच्याकडे उंच चाकांच्या कुठल्याही गाडीला जीपच म्हणतात. ही लांबट होती, पक्क्या छपराची, मागे समोरासमोर दोन बाकडी असलेली. आमच्याकडे आली तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य उसात गेलेलं होतं.

मी भारतात शिकायला गेले तेव्हा बा मला त्याच जीपमधून विमानतळावर सोडायला आले होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बांची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती, आणि म्हणूनच माझ्या शाळेबद्दल ते फार कडक होते. पाऊस असला तरी शाळा, घरी पाहुणे असले तरी शाळा. एकदा वादळाचा इशारा लागला होता, तेव्हाही ते मला हाताला धरून बसथांब्यावर घेऊन गेले. पोलिसानं येऊन शाळा बंद असल्याचं सांगितलं, तरी थोडा वेळ तसेच बसची वाट पाहत उभे राहिले, न जाणो आलीच तर म्हणून. मी जी काही झाले ती त्या हट्टामुळे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही मी ते विसरलेले नाही.

पदवी घेऊन परतले ती महाराष्ट्रातली मराठी तोंडात घेऊन. पहिल्याच दिवशी मी बांना "तुम्ही बसा ना" म्हणाले. बांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय ते. आमच्या घरी आईबापांना 'तू'च म्हणतात. ते हसले, पण नंतर गावभर सांगत सुटले की बाय मला 'तुम्ही' म्हणते. मग मीही ते सोडलं नाही. गावच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली. मुलं मला 'मिस' म्हणू लागली आणि महिन्याभरात सगळं गावच.

जीप तोवर खचली होती. ट्रकच्या चाकाजवळ एकावर एक ठेवलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या असतात, ते पाटे. आम्ही क्रिओलमधून, म्हणजे मॉरिशसच्या रोजच्या बोलीतून, त्यांना 'लाम' म्हणायचो. आमच्या जीपच्या पाट्यांची कमान पार सपाट झाली होती. दोन पट्ट्या तडकल्या होत्या, सांध्यांतले रबरी बुश झिजून गेले होते. भाजी भरली की वाटेतल्या उंचवट्यावर तिचं पोट घासायचं. तो आवाज बांच्या जिवाला लागायचा. मला भीती होती ती दुसऱ्या गोष्टीची.

डोंगराकडे ग्रां बुआला माझी मावशी राहायची. तिच्या गावाहून खाली येताना एक लांब उतार लागतो. एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला घळ आणि तळाशी अरुंद पूल. एका रविवारी आई, बा आणि मी तिच्याकडून परतत होतो. उतारावर मागचं चाक खड्ड्यात गेलं, आणि त्यानंतर जीप सरळ होईना. डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. खिडकीतून मला रस्ता दिसेनासा झाला, नुसते घळीतल्या झाडांचे शेंडे दिसले. बांनी ती कशीबशी पुलाच्या आधी थांबवली. आई ओरडली नाही. समोरच्या दांडीला धरलेला हात तिनं घर येईपर्यंत सोडला नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं. तेव्हापासून जीप घराबाहेर पडली की ती परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे.

आमच्या कुंपणापलीकडे क्रिओल समाजातले एक म्हातारे मेकॅनिक राहायचे. इस्टेटच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झालेले होते. सगळे त्यांना तोंतों म्हणत, म्हणजे काका. वर्षानुवर्षं आमच्या शेजारी राहून त्यांनी स्वतःची एक मराठी तयार केली होती. तिच्यात प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी, क्रिओलमध्ये लागतो तसा, ए लागायचा. "बसे, मिस." "जेवे काय?" 'पाणी दे' एवढं मात्र त्यांचं अगदी शुद्ध यायचं, कारण त्यात ए आधीच होता.

तोंतोंनी जीपखाली शिरून सगळं पाहिलं आणि सांगितलं की पाटे, बुश, शॉकअब्झॉर्बर, काहीच ठेवण्यासारखं उरलेलं नाही. आणि एवढं उघडतोच आहोत तर गाडी थोडी उचलूनही घेऊ. पुढच्या पाट्यांत एकेक पट्टी जास्त घालायची आणि मागे पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे. बांना हे फारच आवडलं. मला नाही. जीपच्या कप्प्यात एक इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचता येणारी घरात मी एकटी. मी ते शोधून काढलं आणि गाडी उंच केली की तिचा तोल लवकर जातो, हे बांना वाचून दाखवलं.

गाडी दोनच इंच उचलायची होती. बांनी दोन बोटं एकमेकांना चिकटवून आडवी धरली. "एवढंच गो, बाय. एवढ्यानं कोण उलटतं?"

"मिस घाबरे," तोंतों म्हणाले, आणि दोघंही हसले. पुस्तकात दोन इंचांबद्दल वेगळं काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी ते मिटून ठेवलं.

ठोकळ्यांमुळे जुने यू-बोल्ट आखूड पडणार होते. हे बोल्ट म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली जाड सळई. ती पाट्यावरून दोन्ही बाजूंनी खाली येते, तळाशी नट बसतात, आणि ॲक्सल पाट्याला आवळलेला राहतो. चाकं गाडीखाली जागच्या जागी राहतात ती यांच्या जिवावर. तोंतोंच्या ओळखीच्या लोहारानं लांब बोल्ट करून दिले. आम्ही बोल्टला 'बुलों' म्हणायचो. तो शब्दही क्रिओलच, पण घरात तो इतका मुरला होता की तो आपला नाही हे मला भारतात गेल्यावर कळलं.

रविवारी सकाळी जीप अंगणात ओंडक्यांवर चढली. मी पुस्तक मांडीवर घेऊन पायरीवर बसले. तोंतोंना क्रिओलमधून आणि बांना मराठीतून सांगायचं काम माझं. एक सूचना पुस्तकात पुन्हा पुन्हा येत होती: यू-बोल्ट पूर्ण आवळा, थोडं अंतर चालवून झालं की पुन्हा तपासून आवळा. मी ती इतक्या वेळा वाचली की बांनी तिचं गाणंच केलं. "बुलोंला कस, तोंतों, बुलोंला कस." गाडीखालून तोंतोंचा आवाज यायचा, "कसे, कसे." आई स्वयंपाकघरातून म्हणाली की दोघांची लग्नं झाली नसती तर या गाण्यावर कोणी मुलगी दिली नसती. खूप दिवसांनी घरात जीपवरून हसणं झालं. मलाही हायसं वाटलं.

अकराच्या सुमाराला बांना देवळातल्या बैठकीला जावं लागलं. पाटे बसले होते, ठोकळे बसले होते, नट बहुतेक आवळून झाले होते. तोंतों एकटे खाली राहिले आणि हातोडीनं एकेक बोल्ट वाजवून पाहू लागले. मागचं डावं चाक काढलेलं होतं, तिथे मी उकिडवी बसले होते. टण, टण असा आवाज येत होता. मग एके ठिकाणी तो वेगळा आला. त्यांनी त्याच जागी पुन्हा मारलं, आणि पुन्हा. मग खालचा आवाज थांबला.

तोंतों सरपटत बाहेर आले आणि फडक्यानं हात पुसत बसले. कुंपणापलीकडून त्यांच्या बायकोनं हाक मारली; नातवंडं आली होती, जेवण वाढलं होतं. त्यांनी डाव्या चाकाच्या जागेकडे बोट केलं.

"बुलोंला कसे, मिस."

"वि, तोंतों," मी हो म्हणाले.

"दीर तो पापा." तुझ्या वडिलांना सांग. "लि बिझें कोने." त्याला कळायला हवं.

मी मान हलवली. ते गेले.

मला वाटलं, वेगळा वाजलेला तो बोल्ट ढिला आहे आणि त्याचा नट कसायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. आणि ते मी केलं हे बांना आवर्जून सांगायला सांगितलं. किती बरं वाटलं होतं मला. पुस्तक वाचणारीच्या हातात शेवटी पाना आला होता. मी मोठा पाना घेतला, ते दोघं लावत होते तसा त्याच्या दांड्याला लांब नळा लावला, कुशीवर झोपले आणि सगळा जोर लावला. आधी नट हलेना. मग अर्धा फेरा कुरकुरत गेला, आणि मग हात एकदम हलका पडला. मला वाटलं, बसला.

बा आल्यावर मी त्यांना सांगितलं, "तोंतोंनी तुम्हाला सांगायला सांगितलंय. मागचा डावा बोल्ट मी कसला." बांनी माझे काळे झालेले हात पाहिले आणि आत जाऊन आईला दाखवायला लावले. मग चाक चढवलं, जीप ओंडक्यांवरून उतरवली. दुसऱ्या दिवशी तोंतों मुलीकडे पोर्ट लुईला गेले, आठवड्यासाठी.

त्या आठवड्यात बा फार खूश होते. उसातल्या वाटेवर पोट घासत नव्हतं, हे ते रोज जेवताना सांगायचे. मी रोज शाळेतून आल्यावर जीपपासून लांब उभी राहून ती एका बाजूला कलते का ते बघायची. बुधवारी मला डावी बाजू किंचित खाली वाटली. बांनी जमिनीपासून वितीनं मोजलं, दोन्हीकडे, आणि म्हणाले, "अंगणच तिरकं हाय गो, बाय. तुझ्या जन्माच्या आधीपासनं." ते खरंच होतं, पावसाचं पाणी नेहमी त्याच कोपऱ्यात साचायचं. घाबरायला मला दोन इंचांची उंची पुरेशी होती, आणि तीच मी बघत बसले होते.

शुक्रवारी सकाळी आई आणि बा ग्रां बुआला गेले. मावशीच्या घराचे पत्रे बदलायचे होते, म्हणून ती महिनाभर आमच्याकडे राहायला येणार होती, पेटी, शिवणयंत्र आणि परसातल्या भोपळ्यांसकट. मी शाळेत गेले.

दुसरा तास मराठीचा. धड्यात एक वाक्य होतं, 'त्याने गाठ कसून बांधली.' मी फळ्यावर 'कस' लिहिलं आणि अर्थ विचारला. पुढच्या बाकावरची एक मुलगी लगेच उभी राहिली. "तुटलं, मिस."

मी म्हटलं, तुटलं कसं? घट्ट कर. तुटलं हे क्रिओलमधलं 'कासे'. हे मराठी आहे. मुलं गोंधळलेली दिसली, म्हणून मी त्यांच्या ओळखीचं उदाहरण दिलं. घरी वडील म्हणतात ना, 'बुलोंला कस'?

सगळा वर्ग हसला. ती मुलगी तर हसून बसलीच खाली. "मिस, ते तर क्रिओलच झालं. बुलों-ला कासे. मग नवीन आणायला पाहिजे."

क्रिओलमध्ये 'ला' शब्दाच्या मागे लागतो आणि त्याचा अर्थ होतो 'तो'. तो बोल्ट. बुलों-ला कासे. तो बोल्ट तुटलाय.

मी खडू ठेवायला गेले आणि तो खाली पडला. तोंतों मराठी बोललेच नव्हते. गंमत करायची असली की ते मराठी बोलत. कामाचं बोलायचं असलं की आपल्या भाषेत बोलत. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. एकाच जागी तीन वेळा वाजवलेली हातोडी. दीर तो पापा, त्याला कळायला हवं. आणि मी काय केलं होतं? तडकलेल्या बोल्टवर नळा लावून जोर दिला होता. हातातला तो हलकेपणा मला पुन्हा जाणवला, इतका स्पष्ट की मी मुठी मिटल्या.

मुख्याध्यापकांना काय सांगितलं ते आठवत नाही. ते कडक गृहस्थ होते, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी काही न विचारता जायला सांगितलं. आधी तोंतोंच्या घरी धावले. कदाचित मीच उगाच घाबरत असेन, अशी आशा होती. त्यांची बायको कपडे वाळत घालत होती. मी विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली की हो, एका बुलोंला वाकावर चीर होती. लोहाराकडे दुसरा सांगितलाय, शनिवारी आल्यावर बसवणार आहेत. मग तिनं आमच्या रिकाम्या अंगणाकडे पाहिलं आणि विचारलं, जीप मळ्यातच गेलीय ना?

ग्रां बुआकडची बस मिळाली. मी उजव्या बाजूला खिडकीशी बसले, खाली येणारी प्रत्येक गाडी दिसावी म्हणून. जाताना जीप रिकामी होती, चढ होता. तेवढं निभलं असेल. येताना ती भरलेली असणार. मावशी, पेटी, शिवणयंत्र. मी मनाशी बांच्या सवयी मोजत होते. ते लवकर निघत नाहीत. मावशी त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाही. पण शुक्रवार आहे. मळ्यात मिरच्या तोडायच्या आहेत. ते जेवायला थांबले नाहीत तर? प्रत्येक वळणाआधी मी डोळे मिटायची आणि वळण गेलं की उघडायची. रस्त्याच्या कडेला कुठे माणसं जमलेली नव्हती. एके ठिकाणी चहा खुडणाऱ्या बायका उभ्या होत्या, तर मी जागेवरून उठलेच. त्या नुसत्या पाणी पीत होत्या.

पूल आला. बस पूल ओलांडून उतार चढू लागली. आणि अर्ध्या चढावर मला वरून येणारी आमची जीप दिसली.

ती सरळ येत होती, पण तिचा मागचा भाग जरा एका बाजूनं चालत होता, कुत्रं तिरकं धावतं तसा. आई पुढे, मावशी मागे. मी अर्धी खिडकीबाहेर झाले आणि ओरडले. काय ओरडले ते मला माहीत नाही. बसचं इंजिन इतकं घरघरत होतं की माझं मलाच ऐकू आलं नाही. बा नेहमीप्रमाणे बसला हॉर्न द्यायला लागले होते. त्यांनी मला पाहिलं. हात वर केला. आणि जीप आमच्या मागे खाली निघून गेली.

कंडक्टरनं बस थांबवली तोवर एक वळण मागे पडलं होतं. मी उतरले आणि उतारावरून धावत सुटले. चपला हातात घेतल्या की कुठे सोडल्या, सांगता येत नाही. घळीच्या बाजूनं काही आवाज येतो का ते ऐकत होते. मध्येच थांबायची, ऐकायची, पुन्हा धावायची. कानात फक्त माझंच धापणं होतं. त्या वळणापर्यंतचं अंतर मी नंतर कितीदा तरी पाहिलं आहे, ते काही फार नाही.

वळणापलीकडे जीप उभी होती. रस्त्याच्या आतल्या बाजूला, चहाच्या झुडपांना टेकून. बा खाली उतरून माझ्याकडे चढत येत होते, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मी धापत जीपकडे बोट केलं.

"शाळा चालू हाय आणि तू बशीत. कोण गेलं, बाय?"

मग मला कळलं. मी शाळा सोडून भर दिवसा बसमध्ये बसले आहे, याचा बांना एकच अर्थ लागला होता. माझं ओरडणं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. त्यांनी फक्त मला पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि पाय ब्रेकवर गेला.

"कोणी नाही," मी म्हणाले. "बा, बोल्ट तुटलाय. तू त्यांना उतरव. आधी उतरव."

बा खाली वाकले आणि चाकामागे डोकं घालून बघत राहिले. बराच वेळ. आईनं आणि मावशीनं रस्त्यावर उतरून पेटी खाली घेतली होती तरी ते बघतच होते. मग त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. डावीकडच्या एका यू-बोल्टची एक बाजू वाकावरच पूर्ण सुटली होती. दुसरा बोल्ट ताणून एकटा धरून होता. ठोकळा तिरका झाला होता आणि ॲक्सल आपली जागा सोडून बोटभर मागे सरकला होता. पुढे उरलेला उतार होता, आणि पूल.

"तू तर म्हणालीस, कसला."

"तोंतों म्हणाले, कासे. त्यांच्या भाषेत. मला वाटलं आपल्या."

बांना समजावून सांगावं लागलं नाही. दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात लहानपणापासून एकत्रच होत्या. त्यांनी ओठांतल्या ओठांत ते एकदा म्हणून पाहिलं, बुलोंला कसे, आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मावशी एकटीच उभी होती. ती म्हणाली की शिवणयंत्र तेवढं रस्त्यावरून बाजूला घ्या, नाहीतर आपण वाचायचो आणि यंत्र जायचं.

थोड्या वेळानं बांनी मला विचारलं, "सांगून आलीस की पळून?"

"सांगून."

"मग खालची बस मिळेल अजून. दुपारचे तास हायत."

मी नाही म्हणाले. त्यांचं न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. चाकांना दगड लावून जीप तिथेच ठेवली. आम्ही चौघं पेटी आणि यंत्र घेऊन बसनं घरी आलो. भोपळे चहा खुडणाऱ्या बायकांनी नेले.

शनिवारी तोंतों परतले. मी स्वतः कुंपणापाशी जाऊन त्यांना सगळं सांगितलं, क्रिओलमध्ये, काही न लपवता. त्यांनी छातीवर क्रूस काढला. मग बराच वेळ ते स्वतःलाच दोष देत राहिले, की मी जेवायला जायला नको होतं, चाकावर खूण करायला हवी होती. चूक माझी आहे हे मी सांगत होते आणि ते ऐकत नव्हते. ते मला एक शब्दही लागेल असं बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

रविवारी सकाळी तोंतों, बा आणि मी त्या उतारावर गेलो, नवे बोल्ट घेऊन. फक्त तुटलेला नाही, मागचे चारही बदलायचे असं बांनी ठरवलं होतं. ते बोल्ट तोंतोंनी लोहाराकडे उभं राहून वाकवून घेतले होते. मी पुस्तक नेलं नव्हतं. काम झालं तेव्हा तोंतों हातोडी घेऊन जीपखाली गेले आणि मी चाकापाशी उकिडवी बसले, तशीच. आमचं बोलून ठरलं होतं. 'कस' हा शब्द जीपजवळ कोणी काढायचा नाही.

टण. "घट्ट," तोंतों खालून म्हणाले. त्या एका दिवसासाठी त्यांनी हा शब्द पाठ केला होता, आणि त्याला ए लावला नव्हता.

"घट्ट," मी म्हणाले.

टण. "घट्ट."

"घट्ट."

असं प्रत्येक बोल्टचं झालं. शेवटचा वाजवून झाल्यावर बांनी किल्ली हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. उतार समोर होता, तळाशी पूल दिसत होता.

"अजून एकदा," मी म्हणाले.

बांनी किल्ली परत खिशात टाकली. जीपखाली तोंतोंनी हातोडी घेतली आणि पुन्हा पहिल्या बोल्टपासून सुरुवात केली.